प्रस्तावना : तिकीटखिडकीची पायरी

“तुम्ही गाडीतच बसा, आम्ही पटकन वर जाऊन येतो.” सहलीला निघालेल्या घरात हे वाक्य कुणी ना कुणी बोलतंच. बोलणाऱ्याच्या मनात खोट नसते. ज्याला ते ऐकावं लागतं तोही समजूतदारपणे “जा रे, मी आहे इथं” म्हणतो. मग दोन तास काच खाली करून वाहनतळ बघायचा : भाजलेली कणसं, लिंबूसरबताच्या गाड्या, वरून परतणाऱ्यांच्या चपलांवरची लाल माती. घरी आल्यावर फोटो दाखवले जातात. पुढच्या सहलीचा विषय निघतो तेव्हा हा माणूस आपणहूनच सांगतो, “मी नाही येत, तुम्ही जाऊन या.” आणि सगळ्यांना वाटतं, याला आता फिरण्याची हौस राहिली नाही.

हौस असते, माहिती नसते. चाकाच्या खुर्चीतून फिरणाऱ्याला एखाद्या ठिकाणाबद्दल फार थोड्या गोष्टी कळाव्या लागतात. पण त्या नेमक्या कुठेच लिहिलेल्या नसतात. गाईडबुकात लेण्यांचा काळ असतो, शिलालेखाचं वाचन असतं, जवळच्या खाणावळीचं नावसुद्धा असतं. गाडी जिथं थांबते तिथून पहिल्या लेण्यापर्यंत पायऱ्या किती, हे नसतं. ती उणीव भरून काढायला हे पुस्तक केलं आहे. महाराष्ट्रातले किल्ले, लेणी, थंड हवेची ठिकाणं, अभयारण्यं आणि गोव्यातली काही स्थळं यांची यात पायरी-पायरीने नोंद आहे.

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली, त्यांतल्या २९ लाखांहून जास्त महाराष्ट्रातल्या. सगळेच काही खुर्ची वापरत नाहीत. उलट, ज्यांची नोंद कुठल्याच जनगणनेत नाही अशी माणसं खुर्ची वापरतात : पक्षाघातातून सावरणारे काका, गुडघ्यांनी दगा दिलेली आजी, अपघातानंतर सहा महिने प्लास्टरमध्ये असलेला तरुण. पुस्तक या सगळ्यांचं आहे, आणि त्यांची खुर्ची ढकलणाऱ्यांचंही.

नोंदी करताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली. आपण समजतो की खुर्चीला अडवतो तो सह्याद्री. तसं क्वचितच होतं.

किल्ले बांधले गेले ते कुणी सहज वर येऊ नये म्हणूनच. वळणावळणाची वाट, गोमुखी दरवाजा, उंचीत एकसारख्या नसलेल्या पायऱ्या, दम काढणारा चढ, हे सगळं ठरवून केलेलं. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. तमिळनाडूतला जिंजी सोडला तर बाकीचे अकरा महाराष्ट्रातले. त्यांतल्या साल्हेरवर किंवा राजगडावर चाकाची खुर्ची जाणार नाही, आणि ती जावी म्हणून डोंगर कापावा असं या पुस्तकाचं मुळीच म्हणणं नाही. त्या पायरीवर आमचा राग नाही. पण पायथ्याच्या तिकीटखिडकीपुढची पायरी काही शिवकाळातली नाही. ती हल्लीच कुणा कंत्राटदाराने बांधली, कुणा अभियंत्याने मंजूर केली आणि तिचं बिल निघालं. उपाहारगृहाचा जोता, स्वच्छतागृहाचा उंबरठा, मोटारसायकली आत शिरू नयेत म्हणून फाटकात रोवलेले लोखंडी खांब, हे सगळं आपलंच काम. खुर्ची बहुतेक वेळा अडते ती इथं. इतिहासापर्यंत पोचायच्या आधीच.

याच बारांतला पन्हाळा बघा. कोल्हापूरहून वीस-बावीस किलोमीटर. गाडी थेट किल्ल्यात जाते, कारण किल्ल्यातच गाव नांदतं आहे. या सोयीमागची कथा कडवट आहे. गडकऱ्यांचा १८४४ चा उठाव मोडल्यावर इंग्रजांनी पन्हाळ्याचा चार दरवाजा पाडला. आजचा गाडीरस्ता त्याच बाजूने आत शिरतो. ज्यांनी शिक्षा म्हणून दरवाजा पाडला त्यांनी नकळत खुर्चीची वाट मोकळी केली. बाजीप्रभूंचा पुतळा रस्त्याच्या कडेलाच आहे. अंबरखान्याची अजस्र धान्यकोठारं बाहेरून जवळून पाहता येतात. त्यांच्या भिंतींची जाडी आणि छपराच्या कमानी समजून घ्यायला आत जावंच लागतं असं नाही. सज्जाकोठीच्या जवळपास गाडी जाते, वरच्या मजल्यावर मात्र जिनाच. अंधारबावीत उतरता येणार नाही. म्हणजे पन्हाळा ‘जाता येतो’ की ‘जाता येत नाही’? दोन्ही उत्तरं चूक. पन्हाळ्याचा निम्म्याहून जास्त भाग एका दिवसात, एका माणसाच्या मदतीने, आरामात पाहता येतो. या पुस्तकातल्या बहुतेक नोंदी अशाच आहेत.

सिंहगडावरही गाडी वर जाते, पण वाहनतळ पुणे दरवाजाच्या खाली संपतो आणि तिथून पायऱ्या लागतात. दोन्ही किल्ल्यांवर ‘गाडीरस्ता आहे’ एवढंच लिहिलं तर वाचणाऱ्याची फसगत होईल. रायगडाला १९९६ पासून रोपवे आहे. हिरकणीवाडीतून काही मिनिटांत माणूस वर पोचतो, हजाराहून जास्त पायऱ्या टळतात. पण पाळणा वर पोचला म्हणजे रायगड गाठला असं नाही. त्यापुढे दगडी फरसबंदी आहे, पायऱ्या आहेत, उघडा माळ आहे. राजसदरेपर्यंत खुर्ची नेताना दोन दणकट माणसं लागतात आणि मोठी चाकं लागतात. छोट्या चाकांची इस्पितळी खुर्ची दगडांच्या फटीत रुतते. वणीच्या सप्तशृंगी गडावर २०१८ मध्ये फ्युनिक्युलर ट्रॉली सुरू झाली, तेव्हा ज्यांनी देवीचं दर्शन आयुष्यात एकदाही घेतलं नव्हतं अशा कितीतरी जणांना पहिल्यांदा वर जाता आलं. यंत्र पायरीला पर्याय देऊ शकतं. फक्त त्याच्या दोन्ही टोकांना काय आहे, ते आधी विचारायचं.

लेण्यांमध्ये वेरूळ आणि अजिंठा ही जोडी आपण एका श्वासात घेतो. खुर्चीसाठी ती दोन वेगळी जगं आहेत.

वेरुळात चौतीस लेणी, आणि त्यांतलं सर्वांत थोर, सोळावं, म्हणजे कैलास, प्रवेशद्वारातून आत गेल्यावर अगदी समोर आहे. डोंगर चढावा लागत नाही. दारातून आत शिरताना मदतीचा एक हात लागतो, पण तेवढं झालं की माणूस कैलासाच्या प्रांगणात असतो. जमीन कातळाची, खडबडीत; खुर्ची हळू न्यायची. समोर गजलक्ष्मी, डाव्या-उजव्या हाताला दगडी हत्ती आणि उंच ध्वजस्तंभ. मुख्य मंदिराच्या अंगावर रामायण-महाभारताचे प्रसंग ओळीने कोरलेले आहेत, आणि दक्षिणेच्या बाजूला कैलास हलवणारा रावण आहे. हे सगळं खालून दिसतं. मंदिर ज्यांच्या पाठीवर उभं आहे ती हत्तींची रांग तर खालूनच पाहायची असते. सभामंडपात गेलेल्याला ती दिसतही नाही. वर जाणारे जिने अरुंद आहेत, सभामंडप आणि गाभारा खुर्चीला मिळणार नाही. पण घाईने जिना चढून फोटो काढून परतणाऱ्यापेक्षा तासभर प्रांगणात फिरलेल्या माणसाने कैलास कमी पाहिला असं म्हणवत नाही. मंगळवारी वेरूळ बंद असतं, एवढं लक्षात ठेवावं.

अजिंठ्याचं उलट. फर्दापूर फाट्यावर गाडी सोडून बस घ्यायची, बस पायथ्याशी सोडते, आणि पहिल्या लेण्यापर्यंत चढ आहे. वाघूर नदीच्या वळणावर घोड्याच्या नालासारखी पसरलेली तीस लेणी एका वाटेने जोडलेली आहेत, पण त्या वाटेतही ठिकठिकाणी पायऱ्या आहेत. चाकं इथं हरतात. राहते ती डोली : लाकडी खुर्ची, दोन दांडे, चार माणसं. डोलीने एक, दोन, सोळा, सतरा ही चित्रांची मुख्य लेणी पाहता येतात, मात्र प्रत्येक लेण्याच्या दाराशी उतरावं लागतं आणि आत अंधुक प्रकाशात उंबरठे आहेत. घारापुरीलाही डोलीच. गेटवेपासून तासाभराचा लाँचचा प्रवास, धक्क्यापासून छोटी रेल्वे, मग दुकानांच्या दुतर्फा रांगेतून सव्वाशेच्या आसपास पायऱ्या. पण घारापुरीची खरी परीक्षा या पायऱ्या नाहीत. गेटवेच्या ओल्या दगडी पायऱ्यांवरून हलत्या लाँचमध्ये पाऊल टाकणं ही आहे. भरती-ओहोटीप्रमाणे ते अंतर बदलतं आणि कधीकधी एका लाँचमधून दुसरीत जावं लागतं. अजिंठा आणि घारापुरी, दोन्ही सोमवारी बंद.

डोलीबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण तिच्यावर आमच्यातही एकमत नव्हतं. दुसऱ्यांच्या खांद्यावर बसून जाणं कुणाला नकोसं वाटतं. कुणी म्हणतं, हा त्यांचा रोजगार आहे, संकोच कसला? दोन्ही बाजू खऱ्या आहेत. माथेरानमध्ये हा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला. तिथं मोटारींना दस्तुरी नाक्यापुढे बंदी, त्यामुळे म्हातारी माणसं आणि अपंग माणसं वर्षानुवर्षं हातरिक्षाने गावात जात. माणसाने माणसाला ओढणं हे मानवी प्रतिष्ठेशी विसंगत आहे असं सांगून सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये हातरिक्षा सहा महिन्यांत थांबवायला आणि ओढणाऱ्यांना ई-रिक्षा देऊन त्यांचं पुनर्वसन करायला सांगितलं. यात एकाच निर्णयाने दोघांची प्रतिष्ठा सांभाळली जाते, ओढणाऱ्याची आणि बसणाऱ्याची, हे आम्हाला महत्त्वाचं वाटतं. डोलीला जिथं पर्याय नाही तिथं आम्ही ती नोंदवली आहे. पण ‘उचलून नेतात’ याला या पुस्तकात कुठेही ‘सोय आहे’ म्हटलेलं नाही. उचलून नेलेला माणूस आपल्याला हवं तिथं थांबू शकत नाही, मागे वळून एखादं चित्र पुन्हा पाहू शकत नाही, आणि एकटा तर येऊच शकत नाही.

जंगलाचा अनुभव याहून वेगळा. ताडोबात सफारीला गेल्यावर गाडीतून खाली उतरायला कुणालाच परवानगी नसते. सगळे बसलेले, सगळ्यांची नजर एका पातळीवर, सगळे सारखेच वाघाच्या मर्जीवर. खुर्ची वापरणारा आणि न वापरणारा यांच्यातला फरक इथं सहलीपुरता पुसला जातो. अडचण एकच, उंच जिप्सीत चढण्याची. तीही फाटकापाशी पाऊण मीटर उंचीचा एक चौथरा आणि त्याला उतार बांधला की मिटते. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात डांबरी रस्ता थेट कान्हेरीच्या पायथ्यापर्यंत जातो. लेण्यांना पायऱ्या आहेत, पण झाडीतला तो रस्ता हेच खुर्चीसाठी उत्तम ठिकाण आहे. महाबळेश्वरला विल्सन पॉइंटपर्यंत गाडी जाते, आणि तिथून दिसणारा सूर्योदय पाहायला एक पायरीही चढावी लागत नाही.

आता उताराचं गणित सांगतो, कारण सगळी फसवणूक त्यातच होते. मान्य प्रमाण १:१२ आहे. म्हणजे एक फूट उंची चढायला बारा फूट लांबीचा उतार. तीन पायऱ्या, म्हणजे साधारण ४५ सेंटिमीटर, टाळायच्या तर ५.४ मीटर उतार हवा, वर-खाली खुर्ची वळवायला सपाट जागा हवी आणि दोन्ही बाजूंना कठडा हवा. प्रत्यक्षात काय दिसतं? तीन पायऱ्यांवर सिमेंट ओतून केलेली दीड मीटरची घसरगुंडी, वर गुळगुळीत फरशी. तपासणीच्या कागदावर ‘रॅम्प : आहे’ अशी खूण होते. त्या रॅम्पवरून एकट्याने चढणं अशक्य आणि उतरणं जिवावरचं.

कायदे कमी नाहीत. पहिला १९९५ चा, मग २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा. जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करायला त्याने पाच वर्षं दिली होती, ती मुदत २०२२ मध्ये उलटली. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रातुरी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सुगम्यतेचे नियम नुसत्या शिफारशींच्या भाषेत ठेवून चालणार नाही, किमान गोष्टी बंधनकारक करा. जिथं मनावर घेतलं तिथं नव्या कायद्याची वाटही पाहावी लागली नव्हती. जानेवारी २००१ मध्ये स्टीफन हॉकिंग मुंबईच्या परिषदेला आले आणि पुढे दिल्लीला गेले. तेव्हा अपंगांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या कार्यकर्त्यांनी पाठपुरावा केल्यावर कुतुबमिनारसारख्या स्मारकांवर लाकडी उतार बसले. एका पाहुण्यासाठी जे दिवसांत झालं ते आपल्या नागरिकांसाठी वर्षानुवर्षं अडून राहतं, म्हणजे अडचण दगडाची नव्हतीच.

स्मारकांचं मूळ रूप बिघडेल, हा आक्षेप मात्र आम्ही हलका मानत नाही. संरक्षित स्मारकांना १९५८ चा कायदा लागू आहे आणि तो असायलाच हवा. अथेन्सच्या अक्रोपोलिसवर २०२० मध्ये नवी लिफ्ट आली आणि काँक्रीटच्या वाटा झाल्या. लिफ्टचं स्वागत झालं, वाटांवर पुरातत्त्वज्ञांनी कडाडून टीका केली. धडा असा की जे करायचं ते काढता येण्यासारखं करावं : लाकडी उतार, दगडाला न ठोकता ठेवलेले, गरज बदलली तर उचलून नेता येतील असे. आणि केल्यावर त्याची निगाही राखावी. चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर नोव्हेंबर २०२२ च्या अखेरीस खुर्चीसाठी लाटांच्या दिशेने जाणारी २६३ मीटर लांबीची लाकडी वाट खुली झाली. पंधरवड्याच्या आतच मंदौस चक्रीवादळाने तिचा काही भाग मोडला. पुढे ती दुरुस्त करून पुन्हा सुरू केली, हे त्या शहराचं खरं श्रेय. गोव्यात जानेवारी २०२३ मध्ये पर्पल फेस्ट हा अपंगांचा उत्सव पहिल्यांदा भरला, त्यानंतर आपल्या किनाऱ्यांकडेही या नजरेने पाहिलं जाऊ लागलं आहे.

सहल होणार की नाही हे बहुतेक वेळा किल्ल्यावर ठरत नाही, मुक्कामाच्या खोलीत ठरतं. खोलीचं दार रुंद असतं, न्हाणीघराचं अरुंद. दोन फुटांच्या दारातून पंचवीस इंची खुर्ची जात नाही, आणि पाणी बाहेर येऊ नये म्हणून घातलेला चार इंची उंबरठा उरलीसुरली आशा संपवतो. कमोडशेजारी धरायला दांडा नसेल तर खुर्चीतून सरकून बसणं हा रोजचा जुगार होतो. म्हणून कितीतरी माणसं प्रवासाच्या आदल्या रात्रीपासून पाणी पिणं कमी करतात. उन्हाळ्यात हे किती धोक्याचं आहे ते डॉक्टरांना विचारा. एस. टी.च्या तिकिटात सवलत मिळते, पण गाडीची पहिली पायरी तशीच उंच राहते. या गोष्टींबद्दल मोकळेपणाने बोलायला आपल्याकडे संकोच वाटतो. नसीमा हुरजूक यांनी ‘चाकाची खुर्ची’ या आत्मकथनात तो संकोच कधीच बाजूला ठेवला होता. आम्हीही तेच केलं आहे : प्रत्येक ठिकाणच्या नोंदीत स्वच्छतागृह पहिल्या ओळीत आहे, इतिहास त्यानंतर.

नोंदी वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पावसाळ्यात जांभा दगड निसरडा होतो आणि कच्च्या वाटा वाहून जातात, म्हणून प्रत्येक नोंदीत महिना दिला आहे. आणि ‘एका माणसाची मदत’ म्हणजे खुर्ची मागच्या चाकांवर तोलून पायरी चढवता येणारा माणूस. तशी सवय नसेल तर दोघांना घ्या.

जाण्याआधी फोन करा, पण “व्हीलचेअरची सोय आहे का?” असं विचारू नका. “आहे ना, आमची पोरं उचलून नेतील,” हे उत्तर ठरलेलं आहे. त्याऐवजी विचारा : गाडी थांबते तिथून दारापर्यंत पायऱ्या किती? न्हाणीघराचं दार किती इंच? कमोड आहे का, आणि शेजारी धरायला काय आहे? उत्तर देणाऱ्याला माहीत नसेल तर टेप घेऊन मोजायला सांगा. मोजताना त्यालाही पहिल्यांदाच कळतं की आपल्याकडे काय नाही. तुम्ही जाऊन आलात की तुमची मापं आम्हाला कळवा, आमची चुकली असतील तर तीही. आणि एखाद्या तिकीटखिडकीपुढची पायरी जाऊन तिथं खरोखरचा उतार झाला असेल, तर ते आवर्जून सांगा. त्या ठिकाणाची नोंद आम्ही नव्याने लिहू.